चीनची जुनी वाट आणि बुद्धाची वाट

चीनचे जुने विचारवंत म्हणत, जगात दोन शक्ती आहेत. एक यिन, दुसरी यांग. यिन म्हणजे सावली, थंडी, रात्र. यांग म्हणजे ऊन, ऊब, दिवस. एक सरली की दुसरी येते. एकीवाचून दुसरी नाही. जग ज्या रीतीने चालते तिला ते ‘ताओ’ म्हणत. ताओ म्हणजे वाट. माणसाने त्या वाटेने चालावे, की सुख लाभते.

सुमारे २००० वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म भारतातून तिकडे पोचला. बुद्धाने सांगितले, जगात काहीच टिकत नाही. तरी माणूस ‘हे मला हवेच’ म्हणतो. ही तृष्णा. तिच्यातून दुःख येते. तृष्णा सोडा, दुःख सुटेल.

म्हणजे एक विचार जगाशी जुळवून घ्या म्हणतो. दुसरा जगाची आसक्ती सोडा म्हणतो.

मग घरोघर प्रश्न पडला. मुलगा भिक्षू झाला, तर पितरांचे कोण करणार? भिक्षूंना कर माफ होता, तेही दरबाराला खुपले. सन ८४५ मध्ये बादशहाने हजारो मठ मोडले. अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडले.

तरी धम्म टिकला. लोकांनी पितरांची पूजा सोडली नाही, अन् बुद्धालाही सोडले नाही. विचार दोन, पण घर एकच राहिले.