बैलगाडीसाठी ट्यूबा
मुसोर्गस्कीच्या १८७४ मधील ‘चित्रप्रदर्शनातील चित्रे’ या पियानोरचनेला राव्हेलने १९२२ साली वाद्यवृंदाचे रूप दिले. तीत अवजड बैलगाडीची धून एकटा ट्यूबा वाजवितो. राव्हेलच्या मनात होता तो सहा झडपांचा, आकाराने लहान असा फ्रेंच ट्यूबा. म्हणूनच ही धून पियानोच्या मध्य ‘सी’ स्वराच्याही बरीच वर चढते. थोरल्या ट्यूबावर ते स्वर गाठणे मोठे कष्टाचे असते. त्यामुळे पुष्कळ वादक येथे युफोनियम हाती घेतात. मात्र त्याचा माउथपीस अरुंद. ट्यूबाच्या रुंद कडेला सरावलेले ओठ त्यावर आयत्या वेळी बिचकतात. माउथपीसचा पेला उथळ घेतल्यास स्वर उजळतो खरा, परंतु मग गाडीचे ओझे जाणवेनासे होते. सवय असल्यास युफोनियमच घ्यावा, पेला मात्र खोल असावा.