भोर-वेल्ह्याचा पाऊस मोजणारं सॉफ्टवेअर

भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि पानशेत ही चारही धरणं भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आहेत. इथे एका रात्रीत किती पाऊस कोसळला, यावर खाली पुण्यापासून पंढरपूरपर्यंतच्या नदीकाठांची झोप अवलंबून असते. पूर्वी पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजत आणि आकडा वर कळवत. घाटमाथ्याच्या पावसाला चोवीस तास म्हणजे फार मोठी मुदत झाली!

2005 आणि 2006 च्या महापुरांनी ही उणीव ठळकपणे दाखवली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ पूर-अंदाजाची प्रणाली उभारली. डेन्मार्कची डीएचआय ही संस्था तिची सल्लागार होती.

अशा प्रणालीतलं सगळ्यात साधं यंत्र म्हणजे स्वयंचलित पर्जन्यमापक. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची एक छोटी झुलती वाटी असते. अर्ध्या मिलिमीटर पावसाइतकं, किंवा काही यंत्रांत त्याहूनही कमी, पाणी एका कप्प्यात साचलं की वाटी कलंडते, ते पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्यासरशी चुंबकाने एक विजेचा ठोका उमटतो. सौर पॅनेलवर चालणारा डेटा लॉगर हे ठोके मोजून उपग्रहावरून किंवा मोबाइलच्या जाळ्यातून पाठवतो. जलाशयाची पातळी मोजणारं रडार तर पाण्याला शिवतही नाही. वरून सोडलेली लहर पृष्ठभागावर आपटून किती वेळात परतली, यावरून ते पातळी काढतं.

खरी करामत मात्र आकडे पोहोचल्यानंतरची. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर यंत्र धो-धो पावसातही शून्यच दाखवतं. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहतं आणि संशयास्पद नोंद बाजूला काढतं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण चुकीच्या आकड्यावरचा अंदाज हा अंदाज नसण्यापेक्षा घातक. मग गणिती प्रारूप माती किती भिजली आहे याचा हिशेब धरून, पडलेल्या पावसातलं किती पाणी जिरेल आणि किती ओढ्यांतून जलाशयात येईल, म्हणजे येवा किती असेल, हे सांगतं. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी! प्रत्यक्ष पातळी मोजली गेली की तिच्याशी जुळवून अंदाज पुन्हा सुधारला जातो.

भाटघरला स्वयंचलितपणा नवा नाही. येळवंडी नदीवरच्या, 1928 साली पूर्ण झालेल्या या धरणाचे 45 दरवाजे जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्याच भाराने आपोआप उघडतात. इंग्रज आमदानीतलं हे काम आजही थक्क करतं. पण त्या दरवाज्यांना फक्त आपल्यापुढचं पाणी कळतं. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणीचं पाणी वीर धरणात एकत्र येतं. तिथला विसर्ग नीरा नदीतून नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतो आणि त्याच भीमेत वरून उजनी धरणाचंही पाणी आलेलं असतं. दोन्ही विसर्गांचे लोंढे एकाच वेळी पंढरपुरात पोहोचू नयेत यासाठी कुठल्या धरणातून किती क्युसेक आणि केव्हा सोडायचे, हा हिशेब या नव्या प्रणालीमुळे अभियंत्यांना दरवाजे उचलण्याच्या काही तास आधी हाती लागतो.