गुलामाने वसवलेली राजधानी पाहिलीत का?

वेस्ट इंडीज हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ साली सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले ती तिथल्या त्रिनिदाद बेटाच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. दूरदूरचे प्रवासी आज ते शहर पाहायला जातात. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून घडवलेले वाद्य ऐकतात, रस्त्यावरचा मोठा उत्सव पाहतात. पण त्या गाण्याबजावण्यामागे मोठे दुःख आहे. आफ्रिकेतून माणसे पकडून आणली, विकली आणि उसाच्या मळ्यांत राबवली. गुलामी बंद झाल्यावर मळेवाल्यांनी आपल्या देशातून करारावर मजूर नेले. त्यांचे पहिले जहाज १८४५ साली त्रिनिदादला लागले. आज तिथे दिवाळीही होते ती त्यामुळे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या गोष्टीशी आपला काय संबंध? संबंध आहे. आफ्रिकेतून माणसे जशी पश्चिमेला नेली गेली, तशी पूर्वेला आपल्याकडेही आली. त्यांतल्याच एकाने आपल्या मराठवाड्यात एक राजधानी वसवली. तुम्ही कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला, मोंढ्यावर जिथे जाता, तेच हे छत्रपती संभाजीनगर.

खडकीचा मलिक अंबर

मलिक अंबरचा जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ सालचा. लहानपणीच तो विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडे, बगदादमार्गे तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाहीतील पेशव्याने त्याला विकत घेतले. पुढे हाच माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दमवले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

१६१० साली त्याने खडकी नावाच्या लहानशा गावी नवी राजधानी उभारली. १६२६ साली तो वारल्यावर त्याच्या मुलाने तिला फतेहनगर म्हटले. १६५३ साली औरंगजेबाने औरंगाबाद नाव दिले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव आले. नावे बदलत गेली, पण शहराचा पाया त्या विकल्या गेलेल्या पोराने घातलेला आहे.

आपल्यासारख्यांनी त्याची आणखी एका कारणासाठी आठवण ठेवावी. त्याने मराठी कारभाऱ्यांच्या मदतीने जमिनीची पाहणी केली, तिचा कस पाहिला आणि पिकाकडे बघून सारा ठरवला. जिरायत आणि बागायत एकाच मापाने मोजू नये हे त्याला कळत होते.

पाण्याची युक्ती

राजधानी म्हटली की माणसे आली, जनावरे आली, त्यांना पाणी हवे. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरउताराचे जमिनीत मुरलेले पाणी जमिनीखालूनच नहरीने शहरात आणले. मोट नाही, इंजिन नाही. केवळ उतार धरून पाणी चालले. मध्ये मध्ये मनोरे बांधले, त्यांत पाणी चढे आणि पुढे वाटले जाई. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचे उन्हाने बाष्प होत नाही, हा त्यातला मोठा फायदा. विहिरीचा झरा आणि पाटाचा उतार ज्याला कळतो, त्याला ही युक्ती शहरवाल्यापेक्षा लवकर उमगेल.

पुढेही अशा नहरी बांधल्या गेल्या. खाम नदीकाठची पाणचक्की अशाच एका नहरीवर चालते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी इथे धान्य दळले जाई. उंचावरून पडणारे पाणी खालच्या चाकाच्या पात्यांवर आदळते आणि वरचे जाते फिरते. पुढ्यातला हौद नीट पाहा. त्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, म्हणून ते दालन उन्हाळ्यातही गार राहते.

दुःखाची बाब ही की जुन्या नहरी ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या, त्यांच्यावर बांधकामे झाली. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे चारशे वर्षांपूर्वीचे पाण्याचे शहाणपण मातीत जावे, हे बरे नव्हे. लोक पाहायला गेले, विचारू लागले, तर राखणाऱ्यालाही हुरूप येतो.

दोन दिवस काढा

पहिला दिवस शहरासाठी ठेवा. १६१२ साली मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरने बांधलेला भडकल दरवाजा आधी पाहा. मग पाणचक्की आणि शेवटी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. बांधकामाचा खर्च ६ लाख ६८ हजार रुपयांवर गेल्याची नोंद आहे. ताजमहालासारखी दिसते, पण संगमरवर थोडा आणि चुन्याचा गिलावा फार. त्या गिलाव्यावरची नक्षी जवळ जाऊन पाहा.

दुसऱ्या दिवशी वेरूळच्या रस्त्याला लागा. सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. यादवांची ही राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीही इथे हलवली होती. पुढे खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. तिथून वेरूळ जवळच. एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे पाहा. जवळच घृष्णेश्वराचे दर्शन घ्या. त्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. वेरूळ हे भोसले घराण्याचेही गाव.

पेरणीची घाई उरकली की श्रावणातला एखादा उघाडीचा दिवस बघा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. घरातल्या बायकांना आणि मुलांना बरोबर घ्या. नाहीतर शहर म्हणजे फक्त दवाखाना अशीच त्यांची समजूत राहते. भाकरी-चटणी बांधून न्या, भिंतीवर नावे कोरू नका. आणि भडकल दरवाजाखाली उभे राहून मुलांना सांगा की हा बांधणारा माणूस एके काळी बाजारात विकला गेला होता.