मंजुरी आली, तेव्हा खटला सुरू झाला होता

गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यावर माओवाद्यांशी संबंधांचे आरोप निश्चित झाले ते २१ फेब्रुवारी २०१५ रोजी. यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, ती त्यांच्या बाबतीत आली ६ एप्रिलला. फरक जेमतेम दीड महिन्याचा. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप आणि एकाला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. साडेपाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या शिक्षा रद्द केल्या. त्या रद्द झाल्या मंजुरीच्याच मुद्द्यावर.

चांदूर बाजार तालुक्यातल्या गंभीर गुन्ह्याचा खटला अचलपूरच्या सत्र न्यायालयात चालतो आणि तिथल्या निकालावरचं अपील याच नागपूर खंडपीठाकडे जातं. एखाद्या गाजलेल्या खटल्यातला आरोपी तिथून सुटला की चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं : ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला.’ ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याचा संताप रास्तच असतो. पण त्या ‘तांत्रिक’ शब्दाखाली बरंच काही झाकून जातं.

मंजुरीचंच बघा. यूएपीएखाली जामीन मिळणं अतिशय कठीण, शिक्षाही जबर. म्हणून कायद्यानेच एक पायरी घालून दिली : तपासात गोळा झालेला पुरावा आधी एका स्वतंत्र प्राधिकाऱ्याने तपासायचा, त्याचा अहवाल पाहून सरकारने मंजुरी द्यायची आणि मगच न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायचं. साईबाबांच्या बाबतीत हा क्रमच उलटला. बाकी पाच जणांची मंजुरी वेळेत आली होती. पण तिच्यामागच्या अहवालात कारणमीमांसाच नव्हती. नुसती शिफारस म्हणजे पडताळणी नव्हे, असं खंडपीठाने ठरवलं.

सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, खास बैठक घेऊन या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द करून अपिलं मंजुरीसह सगळ्या मुद्द्यांवर नव्याने ऐकायला परत पाठवली. ५ मार्च २०२४ रोजी नागपूरच्याच दुसऱ्या पीठाने पुरावाही तपासला आणि सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवलं. मंजुरी अवैध होतीच, शिवाय जप्तीही विश्वासार्ह ठरली नाही. दिल्लीतल्या साईबाबांच्या घराची झडती घेताना पोलिसांनी नेलेला पंच निरक्षर होता. विद्यापीठाच्या परिसरात शिकलेल्या माणसांची काय वाण होती? मात्र हा निकाल ऐकायला सहा जणांपैकी पांडू नरोटे हयात नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच ते वारले. चाकाच्या खुर्चीवर असलेले साईबाबा नागपूरच्या तुरुंगातून बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचंही निधन झालं.

प्रत्येक चुकीने निकाल उलटतो, असं मात्र नाही. तारीख चुकली, कलम चुकीचं पडलं, एखादा कागद उशिरा दाखल झाला, एवढ्याने शिक्षा रद्द होत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६५ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५११ तेच सांगतं : चुकीमुळे खरोखर अन्याय झाला का, हे अपिलात पाहायचं.

अन्याय कशाने होतो, याचा धडा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आहे. पुण्यात १९८२ मध्ये एका विवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला. पतीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पुरावा परिस्थितिजन्य होता, साखळी पूर्ण जुळत नव्हती. त्यातच आरोपीच्या जबाबाच्या वेळी काही बाबी त्याच्यापुढे ठेवल्याच नव्हत्या. ज्या गोष्टीचा खुलासा करायची संधीच दिली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. माणूस फासावर चढणार असेल, तर त्याला निदान विचारायला तरी हवं!

तपासातल्या ढिलाईची किंमत दोन्हीकडच्यांना मोजावी लागते. आरोपीची वर्षं तुरुंगात जातात आणि फिर्यादीच्या हातून न्याय निसटतो. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं या तरतुदी कायद्यात आल्या आहेत. मात्र ही न्यायवैद्यक तरतूद लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे.

पंच मात्र अजूनही गावातलाच माणूस असतो. ठाण्यातून बोलावणं आलं की कोणी भिडेपोटी जातो, न पाहिलेल्या जप्तीवर सही ठोकतो आणि तीन-चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात गडबडतो. तेव्हा तुमच्यावर पंच व्हायची वेळ आली, तर वस्तू डोळ्यांदेखत सापडली का, पाकिटावर लाखेचं सील तुमच्यासमोर लागलं का, हे बघा. पंचनामा स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.