प्रथम मान आणि प्रथम अधिकार

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि सात नंदीध्वज वाजतगाजत मिरवणुकीने निघतात, तेव्हा कोणता ध्वज पुढे चालावा, कोणता त्याच्या मागे असावा आणि कोणाकडे कोणता मान जावा, याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली असल्यामुळे तिच्याविषयी कोणाच्या मनात संदेह राहत नाही. मानाची ही कल्पना आपल्या अंगी इतकी मुरलेली आहे की, आमच्या जीवनात परमेश्वराला प्रथम स्थान आहे, असे एखादा ख्रिस्ती शेजारी म्हणाला म्हणजे त्याचा अर्थही आपण सहज त्याच रीतीने लावतो : पहिला घास देवाचा, रविवारची सकाळ देवाची, आणि एवढे देणे चुकते झाले की उरलेला आठवडा, उरलेली मिळकत व उरलेले मन ज्याचे त्याला मोकळे. ख्रिस्ती धर्माला अभिप्रेत असलेले प्राथम्य याहून निराळे आहे आणि पुष्कळ अवघड आहे. रांगेतील पहिली जागा देवाला द्यावी एवढ्याने त्याची पूर्तता होत नाही. रांग कशी लागावी, कोणी पुढे यावे, कोणी थांबावे, आणि पुढे आलेल्याने मागच्यासाठी केव्हा बाजूला व्हावे, हे ठरवण्याचा अधिकारच त्याच्या स्वाधीन करावा, अशी ती मागणी आहे.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा अन्य देवांना मनाई करणारी आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु ख्रिस्ताने त्या आज्ञेला जे रूप दिले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात सापडते, आणि तेथे तो मूर्तींविषयी नव्हे, तर अन्नवस्त्राविषयी बोलतो. उद्या काय खावे व काय ल्यावे, या काळजीने मनाचा ताबा घेऊ नये, प्रथम देवाचे राज्य व त्याचा न्याय यांचा शोध घ्यावा आणि बाकीचे त्याच्या पाठोपाठ येईल, असा त्या वचनाचा आशय आहे. हे शब्द ज्यांनी ऐकले ते सुखवस्तू लोक नव्हते. गालीलातले कोळी, शेतकरी आणि रोजंदारीवर राबणारे मजूर यांच्यापुढे ते उच्चारले गेले होते. पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी रब्बीच्या ज्वारीवरच सारी भिस्त ठेवणारा भीमा-सीनेच्या खोऱ्यातला शेतकरी, किंवा हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर चूल पेटवणारी सोलापूरची विडी कामगार स्त्री, यांना तो उपदेश ज्या कानांनी ऐकावा लागतो, त्याच कानांनी त्या पहिल्या श्रोत्यांनीही तो ऐकला असला पाहिजे. पोटाचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे ख्रिस्त तेथे कोठेही म्हणत नाही. तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत, असे तो म्हणतो. गरज आहे हे मान्य करून तिला मनाची सत्ता मात्र नाकारायची, हा त्या उपदेशाचा मर्मभाग होय, आणि ज्याची कोठी रिकामी आहे त्याने तो आचरणे, ज्याची भरलेली आहे त्याने तो सांगण्यापेक्षा किती कठीण असते, याची जाणीव प्रवचनकारांनी सतत बाळगणे मला अगत्याचे वाटते.

परंतु या प्राथम्याची खरी कसोटी अन्नापेक्षाही आप्तांपाशी लागते. जो आपल्या आईबापांचा, बायकोमुलांचा, किंबहुना स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही, अशा अर्थाचे एक अत्यंत कठोर वचन लूकने नोंदलेले आहे. ‘द्वेष’ ही तेथे तुलनेची सेमिटिक धाटणी आहे, म्हणजे अधिकाच्या पुढे कमी प्रेम असा तिचा भाव आहे, असे टीकाकार समजावून सांगतात. ते खरे असले, तरी वचनाची धार त्याने पुरती बोथट होत नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातल्या वाचकाला तर हे वचन विशेषच खटकावे. कारण तेथल्या क्षेत्राची मूळ कथाच अशी की, आईबापांच्या सेवेत रंगलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या परमेश्वराकडे वीट फेकली, त्याला तिच्यावर थांबायला सांगितले, आणि देवही कटीवर हात ठेवून उभा राहिला. एके ठिकाणी देवासाठी आईबाप मागे ठेवायचे, दुसऱ्या ठिकाणी आईबापांसाठी देवालाच तिष्ठत ठेवायचे. वरवर पाहता या दोन वाटांचा मेळ बसत नाही.

तथापि शुभवर्तमान आणखी थोडे वाचले म्हणजे हा विरोध वाटतो तितका सरळ राहत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात ख्रिस्ताने परुशी व शास्त्री यांना एका वहिवाटीबद्दल खडसावल्याचा प्रसंग आहे. आईबापांना ज्या द्रव्याने मदत करता आली असती ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे एकदा जाहीर केले की मुलगा त्या जबाबदारीतून मोकळा होई. आणि देवाच्या नावाने घेतलेली ही मुभा देवाच्याच आज्ञेला रद्दबातल करते, असा ख्रिस्ताचा निवाडा आहे. देवाला प्रथम मान दिल्याचे कारण सांगून म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला त्याने आपल्या दारात उभे केले नाही. मत्तयातील त्याच डोंगरावरील प्रवचनात दुसरेही एक ‘प्रथम’ आहे : वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्याला, आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही गाऱ्हाणे आहे असे तेथे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, प्रथम जाऊन भावाशी समेट करावा आणि मग परत यावे. भक्तीच्या ऐन घटकेला देवच आपली उपासना तहकूब करतो आणि भक्ताला माणसाकडे धाडतो. पुंडलिकाच्या दारात जो विटेवर थांबला आणि येथे जो वेदीपाशी थांबायला तयार आहे, त्या दोघांविषयीचे धर्मसिद्धांत एक आहेत, असे मी म्हणत नाही. परंतु मराठी माणसाला ख्रिस्ताचा हा दुसरा उपदेश परका वाटू नये, इतके आपल्याजवळ आधीपासून खचित आहे.

या सिद्धांताची प्रत्यक्ष किंमत महाराष्ट्रात कोणी कशी मोजली, हे पाहायचे तर कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसाराकडे वळावे लागते. 1893 मध्ये राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे खिळले की तेथून त्यांचे मन परत फिरले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो घेताना त्यांनी जात, आप्त आणि उपजीविका यांच्यावर पाणी सोडले, हे आपण कौतुकाने सांगतो; परंतु त्याच निर्णयाने एका तरुण ब्राह्मण स्त्रीचे सारे आयुष्य तिला न विचारता उधळले गेले, हे सांगताना आपला स्वर बहुधा खाली येतो. सधवा असूनही पतीविना, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन, लक्ष्मीबाई काही काळ आप्तांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. देवाला प्रथम स्थान एकाने द्यावे आणि त्याची भरपाई दुसऱ्याने करावी, असा हा व्यवहार झाला, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढण्याइतके बळ माझ्या अंगी नाही.

मात्र एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होण्याची मुभाही लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला मिळत नाही. टिळकांनी पत्नीचा हात सोडला नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या आणि तिच्या श्रद्धेवर सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे, आपले स्वतंत्र पाणी आणि आपली स्वतंत्र चूल घेऊन. आणि त्या घराने ते चालवून घेतले. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले की माणसे देवाने निर्माण केली, जाती मात्र माणसांनी. आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांना प्रत्यवाय राहिला नाही. ख्रिस्तावर त्यांचा विश्वास बसला तो याच्या पाठीमागून, आणि 1900 मध्ये राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. वेदीवर जाण्यापूर्वी भावाकडे जाण्याची जी आज्ञा आहे, तिचे पालन लक्ष्मीबाईंच्या हातून वेदीची ओळख होण्याआधीच घडून गेले होते.

या प्राथम्याचे आणखी एक उदाहरण जवळच सापडते : पुणे-सोलापूर लोहमार्गावरच केडगाव आहे, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या, त्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धांत मुकाट्याने मान्य करण्याचे त्यांनी नाकारले, आणि आपली सदसद्‌विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या हवाली न करता ती देवासमोर खुली ठेवली. टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्याच्या मुळाशीही हीच वृत्ती होती. देवाच्या जागेवर संसार बसतो, पैसा बसतो, हे उपदेशक नित्य सांगतात. त्या जागेवर देवाची संस्थाही येऊन बसते, आणि तिला उठवणे सर्वांत जड जाते, कारण तिच्या अंगावर देवाचीच वस्त्रे असतात. या दोघांनी ते केले, आणि त्यासाठी चर्चशी वैर धरले नाही, हा त्यांचा मोठेपणा होय.

आता देण्याघेण्याविषयी थोडे. मराठी मंडळ्यांमध्ये हंगामाच्या सणाला धान्य, भाजीपाला, कोंबडी, अंडी असे जे काही घरात पिकते ते वेदीपाशी आणून ठेवण्याची आणि मग त्याचा लिलाव करण्याची चाल आहे. तिच्या मुळाशी प्रथमफळाची आणि दशांशाची जुनी इस्राएली प्रथा आहे. या संदर्भात सारफथच्या विधवेची गोष्ट उपासनेत हमखास सांगितली जाते. अवर्षणाच्या काळात मूठभर पीठ व थोडे तेल एवढेच उरलेल्या त्या बाईजवळ एलीया संदेष्टा, प्रथम माझ्यासाठी एक लहानशी भाकर कर, असे मागतो. ती करते, आणि पाऊस पडेपर्यंत तिचे मडके रिते होत नाही. सोलापूर जिल्ह्याने 1876-77 चा आणि पुन्हा 1899-1900 चा दुष्काळ सोसलेला आहे. दुसऱ्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने येथे अनाथ मुलांना आसरा दिला, आणि त्या मुलांच्या पोटी जन्मलेल्यांच्या पिढ्या आजच्या मंडळ्यांत आहेत. अशा मुलखात ही कथा जपून सांगावी लागते. अलीकडे काही वक्ते ती व्याजबट्ट्याच्या भाषेत सांगू लागले आहेत : दशांश द्या, दुप्पट घ्या. हा त्या विधवेचा घोर अपमान आहे. तिने मूठभर पिठाची भाकर एका भुकेल्या परक्याला दिली, ती नफ्याच्या हिशेबाने नव्हे; आणि तिची पहिली भाकर ज्याच्या पोटात गेली तोही उपाशीच होता, ही गोष्ट तर हे वक्ते कधी सांगतच नाहीत.

टिळकांचे 9 मे 1919 रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून जेमतेम सुरू झालेले होते. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या या बाईने ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत पुरे केले, आणि शेवटच्या काही वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली, ज्यांत पतीच्या भक्तीचा अभिमान आणि त्या भक्तीने घराला दिलेले चटके एकाच प्रसन्न, निर्भय लेखणीने नोंदलेले आहेत. त्यांनी टिळकांना आरोपी केले नाही, तसेच निर्दोषही ठरवले नाही. 1895 च्या त्या निर्णयाविषयी आज वाद घालणाऱ्यांनी, मग ते टिळकांच्या बाजूचे असोत की विरुद्ध बाजूचे, आधी लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचावे, एवढे सांगण्याचा मला अधिकार आहे असे वाटते. कारण त्या संसारात देवाचे स्थान कोणते होते, याविषयी साक्ष देण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.