पुसले गेलेले अंतराळ

जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक दूरचित्रवाणीने १९६० च्या दशकात मुलांसाठी बाहुल्यांच्या तीन विज्ञानमालिका दाखवल्या : ‘उचूसेन शिरिका’ म्हणजे ‘अंतराळयान शिरिका’ (१९६०–६२), ‘गिंगा शोनेन-ताई’ म्हणजे ‘आकाशगंगेतील मुलांचे पथक’ (१९६३–६५) आणि ‘कूचू तोशी ००८’ म्हणजे ‘हवेतील नगर ००८’ (१९६९–७०). मूळ कल्पना अनुक्रमे शिनइची होशी, ओसामु तेझुका आणि साक्यो कोमात्सु या नामवंतांच्या. बाहुल्या ताकेदा मंडळीच्या, आपल्या कळसूत्री बाहुल्यांसारख्या दोऱ्यांवर नाचणाऱ्या. (भारहीन अवस्था दाखवायला दोरीच्या बाहुलीइतका सोयीचा नट नाही!) तिसरी मालिका एकविसाव्या शतकाचे चित्र रंगवत असतानाच, जुलै १९६९ मध्ये, माणूस खरोखर चंद्रावर उतरला.

आज यांतले फारच थोडे भाग पाहायला मिळतात. त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. असे का, हे पाहू.

चित्राच्या संदेशात सेकंदाला लक्षावधी कंपने असतात. ती टिपायची तर मुद्रणशीर्षाखालून फीत प्रचंड वेगाने सरकली पाहिजे. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने यावर तोड काढली : फीत सावकाश, सेकंदाला ३८ सेंटिमीटर सरकवायची आणि चार शीर्षे बसवलेली चकती तिच्यावर आडवी गरगर फिरवायची. जपानी पद्धतीत ही चकती सेकंदाला २४० फेरे घेई. त्यामुळे शीर्ष आणि फीत यांचा सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर होई. तरीही पंधरा मिनिटांसाठी पाच सेंटिमीटर रुंदीची सुमारे ३४० मीटर फीत लागेच, आणि ती फार महाग होती.

पुसणे मात्र अगदी सोपे. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे सूक्ष्म कण असतात. त्यांच्या चुंबकनाच्या दिशेत संदेश साठवलेला असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रातून फीत हळूहळू दूर नेली, की क्षेत्र उलटसुलट होत क्षीण होते, कणांच्या दिशा विस्कटतात आणि फीत कोरी होते. कण जसेच्या तसे राहतात, म्हणून फीत पुन्हा वापरता येते. फिल्मवर प्रकाशाने रासायनिक बदल होऊन चांदीचे कण बनतात. ते परत फिरवता येत नाहीत. म्हणूनच फिल्मवर उतरवलेले त्या काळातील कार्यक्रम अधिक टिकले. अपरिवर्तनीय बदल वर्गात शिकवताना आम्हांला हे उदाहरण मेणबत्तीपेक्षा बोलके वाटते.

शाळेच्या कपाटात जुनी, नको असलेली ध्वनिफीत सापडली, तर तिच्या काही भागावर जोरदार चुंबक फिरवून ती वाजवून पाहा. तेवढ्या भागातला आवाज बसलेला किंवा नाहीसा झालेला ऐकू येईल. (चुंबक टेपरेकॉर्डरजवळ नेऊ नका.)

सोनीने १९६५ मध्ये घरगुती चित्रमुद्रक बाजारात आणला होता. मोजक्याच घरी का होईना, मुलांच्या हौसेखातर कार्यक्रम उतरवले जात. एनएचके आता प्रेक्षकांकडे अशा जुन्या फितींची मागणी करते आणि मिळालेल्या आपल्या संग्रहात जतन करते.