मांजर घेऊन नगरहून भंडारदऱ्याला

मांजराला गाडीतून फिरवता येत नाही, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदरा, हा दीडशेएक किलोमीटरचा रस्ता आमची चिंगी मजेत करते.

खरी तयारी घरातच होते. कॅरिअर पंधरा दिवस आधीपासून उघडा ठेवा, आत तिची वापरातली गोधडी टाका, खाऊही तिथेच द्या. चिंगी आता दुपारची झोप त्यातच काढते. गाडीत मांजर मोकळं नकोच. ब्रेकखाली शिरलं तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. कॅरिअर पुढच्या सीटमागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवा. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी मात्र चालू.

कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचंच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर ते घाबरलंय किंवा त्याला ऊन बाधतंय. एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पहाटेच निघा. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही एकटं सोडू नका. औषध जनावरांच्या डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलंच द्या. आपली पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे!

मुक्कामाच्या खोलीत आधी दारं-खिडक्या लावा, कोपऱ्यात तिच्या मातीचा ट्रे ठेवा, मगच कॅरिअर उघडा. अकोले-संगमनेर पट्ट्यात उसातही बिबटे असतात. त्यामुळे अंधार पडल्यावर हार्नेस घालूनसुद्धा तिला बाहेर नेऊ नका.